बेलोना क्लबातले जनरल नेमके कधी गेले?

लंडनमधला एक लष्करी क्लब. ११ नोव्हेंबरची संध्याकाळ, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवसाची आठवण. स्मोकिंग रूममध्ये शेकोटीजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीत नव्वद वर्षांचे जनरल फेंटिमन बसलेले आहेत. रोज सकाळी दहाला यायचं, पेपर उघडायचा, वाचता वाचता डुलकी काढायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यामुळे दिवसभरात कोणी त्यांच्याकडे वळून पाहिलेलं नाही. संध्याकाळी जवळ गेल्यावर कळतं की ते मेलेले आहेत आणि अंग पार ताठरून गेलंय.

डोरोथी एल. सेयर्स यांच्या ‘दि अनप्लेझंटनेस ॲट द बेलोना क्लब’ (१९२८) या कादंबरीची ही सुरुवात. नव्वद वर्षांचा, हृदयाने दुबळा म्हातारा खुर्चीत गेला, यात कोणालाच नवल वाटत नाही. पेच पडतो तो दुसऱ्याच बातमीने. त्याच दिवशी सकाळी १० वाजून ३७ मिनिटांनी जनरलसाहेबांची धाकटी बहीण लेडी डॉर्मर वारलेली असते. तिच्या मृत्युपत्रात लिहिलंय की भाऊ तिच्यामागे हयात असेल तर लाखो पौंडांच्या इस्टेटीचा मोठा भाग त्याचा, म्हणजे पर्यायाने त्याच्या दोन नातवांचा. भाऊ आधीच गेलेला असेल तर तो भाग तिने सांभाळलेल्या ॲन डॉरलंड या मुलीचा. आता जनरल १०.३७च्या आधी गेले की नंतर? घरचे वकील मर्बल्स हा प्रश्न गाजावाजा न करता सोडवायला सेयर्स यांच्या हौशी गुप्तहेराला, लॉर्ड पीटर विम्झीला सांगतात. विम्झी स्वतःच त्या क्लबाचा सभासद आहे.

बंद दारांच्या क्लबात घडणाऱ्या खुनाच्या कादंबऱ्या पुढे कितीतरी आल्या. त्यांतल्या बऱ्याचशा कादंबऱ्यांत क्लब काढून तिथे एखादं हॉटेल किंवा माथेरानचा बंगला ठेवला तरी गोष्ट चालेल. इथे तसं करून पाहा, पहिल्या पंचवीस पानांतच गाडा अडेल. बेलोनात जे घडतं ते क्लबाचे नियम, नोकरांच्या कामाच्या वेळा आणि सभासदांच्या सवयी यांच्या जोरावरच घडतं. या पुस्तकाचं मोठेपण मला तिथे दिसतं. रहस्यकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा सुटं करून, भाग मांडून बघण्यासारखं आहे.

त्यासाठी आधी हे क्लब चालायचे कसे ते थोडं ठाऊक हवं. लंडनचा व्हाइट्स हा क्लब १६९३ सालचा, चॉकलेट विकणाऱ्या दुकानातून वाढलेला. नेपोलियनची युद्धं संपल्यावर रिकाम्या झालेल्या अधिकाऱ्यांसाठी १८१५ मध्ये युनायटेड सर्व्हिस क्लब निघाला, १८३७ मध्ये आर्मी अँड नेव्ही. काल्पनिक बेलोना याच वंशातला आहे. बेलोना ही रोमन युद्धदेवता, म्हणजे नावातच सगळं आलं. सभासद व्हायला एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग गुप्त मतदान. ठरावीक संख्येने विरोधाचे काळे गोळे पडले की नाव बाद. एकदा आत आलात की मात्र तुम्ही घरचे. पाहुण्याचं नाव वहीत लिहावं लागतं, सभासदाचं नाही. त्याला दारावरचा पोर्टर चेहऱ्याने ओळखतो. म्हणजे सभासद कधी आला आणि कधी गेला याची लेखी नोंद कुठेच राहत नाही. जी काही नोंद असते ती एका माणसाच्या डोक्यात, आणि वर्दळीच्या दिवशी त्या डोक्याचा भरवसा किती धरायचा, हा विम्झीपुढचा पहिला खडक.

मुंबईकरांना हे फार परकं वाटू नये. १८३३चा भायखळा क्लब, १८४६चा यॉट क्लब, १८७५चा बॉम्बे जिमखाना हे त्याच साच्यातून निघाले. गोऱ्यांसोबत हिंदी माणसालाही सभासदत्व देणारा विलिंग्डन क्लब उभा राहायला १९१८ साल उजाडलं. स्मोकिंग रूममधली शांतता, लायब्ररीत खाकरण्याचीही चोरी, तक्रार सरळ नोकराकडे न करता सेक्रेटरीला चिठ्ठी लिहून करणं, हे सगळं तिथूनच इथे आलं.

झोपलेल्या सभासदाला उठवायचं नाही, हा नियम कुठेही छापलेला नसतो. पण तो इतका पक्का असतो की शेकोटीजवळच्या खुर्चीत एक माणूस तासन्‌तास हालचाल न करता बसला तरी कोणाला वावगं वाटत नाही. वेटर पाय न वाजवता बाजूने जातो. शेजारचा सभासद पेपराचं पान हळू उलटतो. सौजन्याची ही सवय गुन्ह्याच्या किती कामी येते, ते सेयर्सबाईंनी ज्या बारकाईने दाखवलंय त्याला तोड नाही.

इथून पुढे पुस्तकाचा साधारण पहिला अर्धा भाग आणि शेवटाची दिशा उघड होणार आहे. खुनी कोण ते सांगणार नाही. पण अगदी कोऱ्या मनाने वाचायचं असेल तर शेवटच्या परिच्छेदात आवृत्तीविषयी लिहिलंय, तेवढं वाचून थांबा.

पहिला धागा लाल कागदी फुलाचा. युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ पॉपीचं कृत्रिम फूल कोटाला लावायची प्रथा ब्रिटनमध्ये १९२१ पासून रुजली. फुलं विकून येणारा पैसा जखमी आणि बेकार सैनिकांसाठी जायचा. ११ नोव्हेंबरच्या सकाळी लंडनच्या रस्त्यांवर ती विकणाऱ्या बायका जागोजागी उभ्या असत. फूल न लावता घराबाहेर पडलेला लष्करी माणूस त्या दिवशी सापडणं अवघड. जनरलसाहेब तर क्रायमियाच्या लढाईपासूनचे सैनिक. त्यांच्या कोटावर फूल नाही. त्या सकाळी ते चालत किंवा गाडीने क्लबात आले असते तर फुलाशिवाय दारापर्यंत पोहोचलेच नसते. तेव्हा ते त्या सकाळी कुठूनच आले नसावेत.

तर्क एवढाच, पण त्याची जागा बघा. प्रेत सापडतं त्या प्रसंगात सगळी मंडळी स्मरणदिनाच्या भोजनासाठी जमलेली आहेत, पॉपीचं वातावरण सगळीकडे भरून आहे, आणि एका कोटावर ती नाही हे वाचकाच्या डोळ्यांसमोरून निघून जातं. नसलेली वस्तू हा पुरावा लिहायला सर्वांत कठीण, कारण नसलेल्याकडे लक्ष वेधलं की तो फुटतो आणि न वेधलं की वाचक फसवणूक झाली म्हणतो. बाईंनी यावर उपाय म्हणून दिवसच असा निवडलाय की ती वस्तू असणं गृहीत धरलं जावं.

तोच दिवस दुसऱ्याही कामाला लावलाय. १९१९ पासून ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता सगळा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहू लागला. गाड्या थांबत, कारखाने थांबत, क्लबातली माणसं रस्त्याच्या बाजूला येऊन उभी राहत. म्हणजे इमारतीच्या आतल्या खोल्या थोडा वेळ रिकाम्या आणि प्रत्येक जिवंत माणसाचं तोंड बाहेर. कुठून तरी एक प्रेत उचलून स्मोकिंग रूममधल्या खुर्चीत आणून बसवायचं असेल तर वर्षभरात एवढी सोयीची वेळ दुसरी नाही. देशाने मेलेल्यांसाठी पाळलेल्या शांततेत एका मेलेल्याला हलवलं जातं. वाचताना अंगावर काटा येतो, तरी लेखिका त्यावर एका शब्दाने भाष्य करत नाही.

रात्रभर ते प्रेत होतं कुठे? टेलिफोनच्या बंद खोपट्यात. दारावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी. हा फोन बंद असल्याची कुरकुर वाचकाच्या कानावर आधीच पडलेली असते, पण या क्लबात सगळ्याच गोष्टींवर इतकी कुरकुर चालते की ही एक वेगळी लक्षात राहत नाही. इथेही क्लबच मदतीला येतो. एखाद्या घरात फोन बिघडला तर कोणीतरी दार उघडून बघेल, घंटी वाजवून बघेल. क्लबात चिठ्ठी दिसली की सभासद समजतो सेक्रेटरीने लावली, सेक्रेटरी समजतो स्टुअर्डने लावली, आणि स्टुअर्ड समजतो वरून हुकूम आहे. जबाबदारी अशी वाटली गेलेली असते की चिठ्ठीमागचं दार उघडणं हे कोणाचंच काम उरत नाही. मोठ्या ऑफिसात काम केलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. घरच्या नोकराला त्या रात्री फोन गेलेला असतो की जनरलसाहेब आज परत येणार नाहीत, त्यामुळे तिकडूनही शोध सुरू होत नाही.

आता पुस्तकाचा कणा, प्रेताचा ताठरपणा. याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण अनेक वाचक हा भाग घाईने ओलांडतात आणि मग विम्झीला नुसतं सुचलं असं त्यांना वाटतं.

मेल्यावर आधी सगळे स्नायू सैल पडतात. मग त्यांच्यातलं एटीपी हे ऊर्जा देणारं रसायन संपतं. स्नायूंचे तंतू आखडल्यावर एकमेकांपासून सुटायला हे एटीपी लागतं, ते नसलं की तंतू अडकून राहतात आणि अंग ताठ होतं. हेच रिगर मॉर्टिस. पापण्या, जबडा, मान असा क्रम खाली उतरत जातो. आपल्याकडे न्यायवैद्यकात ढोबळमानाने बारा-बारा-बाराचा हिशेब शिकवतात, म्हणजे पूर्ण ताठरायला बारा तास, तसं राहायला बारा, उतरायला बारा. उन्हाळ्यात हे सगळं आणखी लवकर आटपतं. लंडनच्या नोव्हेंबरला हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. थंडीत ताठरपणा उशिरा येतो आणि दोन-तीन दिवसही टिकतो. उलट माणूस म्हातारा, कृश असेल तर तो लवकर येतो, आणि प्रेत शेकोटीशेजारी असेल तर लवकर उतरूही लागतो.

या सगळ्या उलटसुलट गोष्टी जनरलसाहेबांच्या बाबतीत एकत्र आल्यात. रात्रभर गार खोपटं, मग दिवसभर शेकोटी, वय नव्वद. संध्याकाळी अंग ताठ आहे एवढ्यावरून ते आठ तासांपूर्वी गेले की जवळपास चोवीस तासांपूर्वी, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. अंगाच्या उष्णतेवरून वेळ काढावी तर तिथेही शेकोटीने घोळ घातलेला. म्हणजे वेळ मोजण्याची दोन्ही नेहमीची साधनं बाईंनी पद्धतशीरपणे निकामी केली आहेत. मग उरतो एक गुडघा.

प्रेत उचलताना सगळं अंग ताठ असताना डावा पाय गुडघ्यातून मोकळा लोंबतो. पूर्ण आलेला ताठरपणा जोर लावून मोडला की तो सांधा पुन्हा ताठरत नाही. पुरता येण्याआधीच मोडला तर थोडाफार परत येतो. तेव्हा एकच सांधा सैल आणि बाकी सगळे ताठ, याचा अर्थ ताठरपणा पूर्ण आल्यावर कोणीतरी त्या पायाला हात घातलाय. अरुंद जागेत आखडलेलं शरीर दुसऱ्या दिवशी आरामखुर्चीत नैसर्गिक बसलेलं दिसायला हवं असेल तर पाय वाकवावा लागणारच. गुडघा वेळ सांगत नाही, पण माणूस मेल्यानंतर बऱ्याच तासांनी हलवला गेला हे सांगतो. एकदा हलवला गेला हे कळलं की तो सकाळी आपल्या पायांनी आला ही कथाच संपते. हा पुरावा पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला, भर गर्दीत, सगळ्यांसमोर ठेवलेला आहे. खोटं काही नाही, लपवलेलं काही नाही.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. ताठरपणावर जेवढा भर आहे तेवढा लिव्हिडिटीवर, म्हणजे प्रेतावर पडणाऱ्या जांभळट डागांवर, नाही. हृदय थांबलं की रक्त खालच्या भागांत साचतं. अर्ध्या-एक तासात डाग दिसू लागतात आणि साधारण आठ ते बारा तासांत कायम होतात. बसलेल्या माणसाच्या पावलांत, पोटऱ्यांत, हातांच्या पंजांत ते दिसणार, मग तो खोपट्यात बसलेला असो की खुर्चीत. इथवर प्रेत हलवणाऱ्याचं नशीब बलवत्तर. पण जिथे शरीर टेकलेलं असतं तिथे रक्त साचत नाही आणि पांढुरका ठसा राहतो. पहिले बारा तास लाकडी खोपट्यात गेले असतील तर ठसे खोपट्याच्या भिंतीचे आणि बैठकीचे उमटणार, गुबगुबीत खुर्चीचे नाही. कपडे उतरवून पाठ पाहिली असती तरी संशय यायला हवा होता. वय आणि दुबळं हृदय यांमुळे मृत्यूचा दाखला लगेच मिळतो, शवविच्छेदन होत नाही, असं कथानक आहे, त्यामुळे हे खपून जातं. आजच्या वाचकाला इथे अडखळल्यासारखं होईल.

कायद्याची बाजू तर फारच सुरेख रचलेली. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९२६ पासून लागू झालेल्या मालमत्ता कायद्याच्या कलम १८४ नुसार, दोन माणसांपैकी कोण आधी गेलं हे अनिश्चित असेल तर वयाने मोठा आधी गेला असं धरायचं. जनरल मोठे, बहीण धाकटी. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही तर कायद्याचा कल ॲनच्या बाजूला. म्हातारा १०.३७नंतरही जिवंत होता हे दाखवण्याची गरज नातवांना जास्त. हे मनात ठेवून वाचलं की कोण काय लपवतंय आणि कोण उगाच घाई करतंय, याकडे बघण्याची नजरच बदलते.

आपल्याकडे हिंदू वारसा कायदा १९५६च्या कलम २१ मध्ये हेच गृहीतक आहे: अनिश्चितता असेल तर धाकटा मागे राहिला असं मानायचं. मृत्युपत्राने मिळणाऱ्या मालमत्तेला मात्र भारतीय वारसा कायदा १९२५चं कलम १०५ लागतं. ज्याला द्यायचं तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या मागे हयात नसेल तर ती देणगी रद्द होते. दोघं एकाच जहाजावर बुडाले आणि कोण आधी गेलं याचा पुरावा नसला तरी ती रद्दच, असं उदाहरण कायद्यातच दिलंय. म्हणून आजकाल जाणते वकील मृत्युपत्रात एक ओळ घालतात की लाभार्थी माझ्यामागे किमान तीस दिवस हयात असला पाहिजे. लेडी डॉर्मरने एवढी एक ओळ घातली असती तर ही कादंबरी लिहिलीच गेली नसती. कारण मग मिनिटांच्या हिशेबाला काही अर्थच उरला नसता.

मध्यावर कथानक वळतं. वेळेचा प्रश्न सुटतो आणि त्याच्या पोटातून दुसरा निघतो: मृत्यू नैसर्गिक होता का? पुरलेलं प्रेत उकरून काढतात, रासायनिक तपासणी होते, आणि डिजिटॅलिन सापडतं. विषाचं नाव सांगितल्याने खुनी कळत नाही, कारण हृदय दुबळं असलेल्यांच्या घरात हे औषध सर्रास असे. फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांतून येणारं हे द्रव्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये अभ्यास करून औषधात आणलं. गुण येणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं, आणि हृदयरोगी हृदयाने गेला यात कोणाला संशय येणार? पॅरिसमध्ये १८६४ साली गाजलेल्या द ला पोमेरे खटल्यात याच विषाचा पुरावा म्हणून मृताच्या शरीरातला अर्क बेडकांना टोचून त्यांच्या हृदयावर काय परिणाम होतो ते दाखवावं लागलं होतं. विसाव्या शतकात रंगावरून ओळखण्याच्या चाचण्या हाताशी होत्या. ॲसेटिक आम्लात थोडं फेरिक क्लोराइड घालून त्याखाली तीव्र गंधकाम्ल सोडलं की दोन्ही द्रव जिथे भेटतात तिथे तांबूस तपकिरी कडं येतं आणि वरचा थर हिरवट निळा होतो. कादंबरीत ही कृती दिलेली नाही, निष्कर्ष तेवढा येतो. वाचताना मला तिथे आणखी दोन पानं हवीशी वाटली.

वैद्यकीयदृष्ट्या इथे एक सवलत घेतलेली आहे. पोटातून घेतलेल्या डिजिटॅलिनचा पूर्ण परिणाम व्हायला काही तास लागतात आणि मोठ्या मात्रेनंतर मळमळ, उलट्या, कधी पिवळं दिसणं हे आधी येतं. जनरलसाहेब मात्र कोणाला पत्ता लागू न देता शांतपणे जातात. वय नव्वद असल्याने ताणून बसवता येईल, पण विष इतकं सभ्यपणे वागत नाही.

या सगळ्या यंत्रणेपलीकडे पुस्तकात एक माणूस आहे, धाकटा नातू जॉर्ज. युद्धात विषारी वायू आणि तोफमारा सोसून आलेला, नोकरी टिकत नाही, बायकोच्या कमाईवर घर चालतं आणि त्याची चीड तो तिच्यावरच काढतो. आजोबा केव्हाचेच मेलेत हे कळल्यावर तो भर क्लबात वेड्यासारखा हसत सुटतो आणि ओरडतो की आपण सगळेच मेलोय, फक्त कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हाताऱ्या सभासदांना हा प्रकार फार अशोभनीय वाटतो. शीर्षकातली ‘अनप्लेझंटनेस’ त्यांच्याच तोंडची आहे: प्रेत सापडणं ही त्यांच्या लेखी क्लबाच्या रीतीत न बसणारी एक गैरसोय. ज्या मेजवानीसाठी सगळे जमलेत ती कर्नल मार्चबँक्स आपल्या हिल ६०च्या लढाईत पडलेल्या मुलाच्या मित्रांसाठी दरवर्षी देतात. साताऱ्यात आणि कोकणात कितीतरी गावांच्या वेशीवर ‘या गावातून इतके लोक १९१४-१९च्या महायुद्धाला गेले, पैकी इतके मेले’ अशा दगडी पाट्या आहेत. त्यांच्या मागे परत आलेल्यांचं काय झालं, याचा विचार करत हे प्रसंग वाचले तर ते दूरचे वाटणार नाहीत. १९२८च्या करमणुकीच्या पुस्तकात हे इतक्या उघडपणे लिहिणं धाडसाचं होतं. जॉर्जची बायको शीला जे सोसते ते लिहिताना बाईंचा हात कुठेही हळवा होत नाही, आणि म्हणूनच ते लागतं.

पुस्तकाची सैल बाजूही आहे. ऑलिव्हर नावाच्या माणसाचा पाठलाग जरुरीपेक्षा फार लांबलाय. खाजगी हेर, स्टेशनं, परदेशवारी, हे सगळं होत असताना चाणाक्ष वाचक बराच पुढे जाऊन बसलेला असतो. दुसऱ्या अर्ध्यात ॲन डॉरलंडवर प्रकाश पडतो, तेव्हा क्लब मागे राहतो आणि त्यासोबत कथेची पकडही. ग्रंथींवरून माणसाचा स्वभाव ठरवण्याचं त्या काळी निघालेलं खूळ हा तिथला मोठा विषय, आज तो शिळा वाटतो. पण ॲनचं पात्र मात्र खरं आहे. देखणी नसलेली, एकटी, फसवली गेलेली मुलगी, आणि तिच्याशी विम्झी जे शेवटी बोलतो ते त्याच्या नेहमीच्या वाचाळपणापेक्षा कितीतरी समंजस. वर्गाविषयीचे आणि वंशाविषयीचे त्या काळचे पूर्वग्रह काही संवादांत डोकावतात, ते दुर्लक्ष करून जाण्यासारखे नाहीत.

शेवटाबद्दल खुनी न सांगता एवढंच म्हणता येतं की हिशेब कोर्टात होत नाही. क्लब तो आपल्या चार भिंतींत, आपल्या रीतीने मिटवतो. कित्येक समीक्षकांना हा शेवट सभ्य वाटला. मला तो पटत नाही. सगळं पुस्तक दाखवत आलंय की ‘आपल्यातला’ म्हणून माणसाकडे न बघण्याची सवय किती घातक ठरते. शेवटी तीच सवय न्यायाधीश होऊन बसते, आणि विम्झी, ज्याने हे सर्वांत आधी ओळखायला हवं, तो त्यात सामील होतो. अर्थात बाईंनी ही अस्वस्थता पुसून टाकलेली नाही. त्या प्रसंगानंतरच्या पानांवर सभासदांच्या तोंडी जे घातलंय ते वाचा, म्हणजे त्यांचं स्वतःचं मत कुठे होतं ते कळेल.

भाषा अवघड आहे का? थोडी. विम्झी शब्दांची शेवटची अक्षरं गिळतो, मध्येच कवितांचे तुकडे फेकतो. ते सगळे समजलेच पाहिजेत असं नाही, पुरावा त्यांत नसतो. पुरावा बटलर बंटर, पोर्टर, वेटर यांच्या साध्या बोलण्यात असतो, तिथे सावकाश वाचा. कागदावर १० नोव्हेंबरच्या दुपारपासून ११च्या संध्याकाळपर्यंतचा एक तक्ता आखून जनरलसाहेब कुठे, कोणी पाहिलं आणि कोणी फक्त सांगितलं, असे रकाने भरत गेलात तर मध्यापर्यंत विम्झीच्या बरोबरीने चालता येतं. बहुतेक प्रकरणांना पत्त्यांच्या डावावरून नावं दिलीत. पत्ते येत नसले तरी काही अडत नाही. इयान कारमायकल यांना विम्झी करून बीबीसीने १९७३ मध्ये यावर मालिका केली होती, पण आधी पुस्तकच वाचावं. पडद्यावर कोटावर फूल आहे की नाही हे डोळ्यांना फार लवकर दिसतं.

सेयर्स १९५७ मध्ये वारल्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे १ जानेवारी २०१८ पासून हे पुस्तक इथे हक्कमुक्त आहे, अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून; ब्रिटनमध्ये २०२७च्या अखेरीपर्यंत हक्क शाबूत आहेत. म्हणजे भारतात बसून मोफत ई-पुस्तक उतरवून घेण्यात बेकायदा काही नाही. फक्त जुन्या छापील प्रतीवरून यंत्राने अक्षरं ओळखून केलेल्या स्वस्त आवृत्त्यांपासून सावध राहा. त्यांत आकडे हमखास बिघडतात, आणि या पुस्तकात आकडा बिघडला की सगळंच बिघडलं. विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उघडून लेडी डॉर्मरच्या मृत्यूची वेळ तपासा. १०.३७ असेल तर प्रत घ्यायला हरकत नाही.